चांगुणाकाकू रडली नाही

आमच्या सोनाळ्यात मी सगळ्यांच्या नकला करतो. चांगुणाकाकूची मात्र जमत नाही. तिचा आवाज गळ्यातून नाही, मनगटातून निघतो.

गुलाबी बोंडअळीनं बीटीचा कापूस खाल्ला, त्या साली एक फोटोवाला आला. "ताई, थोडं रडा ना," म्हणाला. बोंडं पाहून काकूला रडू फुटलंच. फोटो पेपरात आला आणि गावानं तिचं नाव पाडलं, ‘रडकी’.

पुढच्या साली लग्नाच्या शूटिंगवाल्या आसिफनं लढाईचा पिक्चर काढायला घेतला. सातपुडा झाला सरहद्द. फवारणीचा पंप झाला हेलिकॉप्टर. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवून तोफेचा धूर. बंदुका सगळ्या माझ्या तोंडच्या! वावर तेवढं काकूचं हवं होतं.

"वावर देते," काकू म्हणाली, "पण शहीद पोराची माय मीच होईन."

शूटिंगच्या दिवशी काकू कापूस वेचत होती. वर्दी घातलेल्या पुंजाजीनं पोरगं शहीद झाल्याची बातमी सांगितली.

"काकू, रडा!" आसिफ ओरडला.

काकू वेचतच राहिली. तीनदा कट झालं.

"काऊन रडत नाही वो काकू? ग्लिसरीन देऊ का?"

"एकडाव रडली त पेपरात गेली. आता नाही."

"पन पब्लिकले समजन कसं?"

"पोरगं गेलं हे समजनार नाही एवढी पब्लिक येडी हाय काय? तुह्या कॅमेऱ्याले म्हन, माह्या हाताकडे पाह्य."

आसिफ चिडला, पण कॅमेरा हातावर नेला. घरी त्यानं त्या सीनला सनई लावली, काढली. व्हायोलिन लावलं, तेही काढलं. शेवटी माइक घेऊन पुन्हा वावरात गेला आणि नुसता वेचणीचा आवाज भरून आणला.

शाळेच्या खोलीत खिडक्यांना पोती लावून भरदुपारी पिक्चर दाखवला. माझ्या बंदुकांना शिट्ट्या पडल्या. मग बातमीचा सीन आला.

"रड ना वं रडके!" मागून कचरू ओरडला.

पडद्यावर काकूचा हात थांबला. एक किडकं बोंड तिनं खुडून फेकलं. पुढचं वेचलं, ओटीत टाकलं. पुन्हा पुढचं. कापूस बोंडातून सुटतानाचा बारीक चर्रर्र, बस्स. बाकी कायबी नाही.

खोलीत नाकं ओढल्याचे आवाज सुरू झाले. सगळ्यात मोठं नाक कचरूचं. त्याची नक्कल मला आजही येते.

काकू उठली. पदर खोचून सगळ्यांकडे वळली.

"बलवा आता त्या फोटोवाल्याले!"