माझ्या नावावर विकलेली दुर्बीण

सन दोन हजार तेवीस, मी एकाहत्तर वर्षांचा. ओतूरचा जुन्या दुर्बिणी विकणारा एक दुकानदार बोलता बोलता रुमालाने त्यांच्या काचा पुसायचा. खोटं बोलताना जरा जास्तच. एके दिवशी मी त्याच्या दुकानात बसलो असताना जुन्नरच्या एका नेमबाज मुलीला तो अंतर मोजणारी दुर्बीण विकत होता. पायरीवर आपटल्यापासून ती चुकीचं अंतर दाखवते, हे त्यानेच मला हसत सांगितलं होतं.

"ताई, दोनदाच वापरलीय. या बाबांचीच हाय. डोळं गेलं त्यांचं, म्हणून विकत्यात."

"खरंच का, बाबा?"

संतापाने माझ्या तोंडून शब्द फुटेना. तिला तो होकार वाटला. ती दुर्बीण घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने मी जुन्नरला गेलो आणि सरावाच्या मैदानावर तिला गाठून म्हणालो, "पोरी, दुर्बीण माझी न्हाई, आन डोळंबी गेलं न्हाईत. चल, परत करू."