डोहाकाठचा ओला घोडा

आधीच सांगून टाकते, भुताखेतांच्या विषयावर माझ्याशी वाद घालायला आलेला माणूस हात टेकून परत जातो. आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून घरात अंगारे-धुपारे बंद. लहानपणी शेणव्याला शेजारच्या बाया एका चिंचेखालून जाताना पदर सावरायच्या, तर मी मुद्दाम त्याच चिंचेखाली बसून चिंचा खायचे. अशा बाईने गूढ अनुभवांच्या या सदरात लिहावं याचं मलाच हसू येतंय... पण दोन वर्षं झाली, गोष्ट मनातून जात नाही. वाचून कुणाला काही सुचलं तर खरंच सांगा.

मी सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. राहते शेणव्यालाच, शाळा मुरबाड तालुक्यात. किन्हवलीवरून सरळगावकडे जाताना एक फाटा आत जातो, तिथलं गाव. नाव मुद्दाम देत नाही, एका पोरीचा प्रश्न आहे. स्कूटीवर पाऊण तास लागतो. आम्ही दोनच शिक्षक, मी आणि गुरुजी, आणि चार वर्ग मिळून एकोणीस मुलं. शाळेच्या मागे भाताची खाचरं, खाचरं संपली की ओढा, आणि ओढा जिथे वळतो तिथे डोह. डोहाच्या अगदी काठावर उंबराचं मोठं झाड होतं. आता नाही.

या डोहात आसरा राहतात असं गावात मानतात. आसरा म्हणजे पाण्यातल्या बाया, एकटंदुकटं पोर दिसलं की आत ओढून नेतात म्हणे. मी बदली होऊन आले आणि पहिल्याच महिन्यात वर्गात विचारलं, "आसरा कुणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यात? हात वर करा." एकही हात वर आला नाही. "मग नसतात," मी म्हटलं, आणि स्वतःवर भलतीच खूश झाले. पोरांची भीती गेली, हे खरं. पण डोह खोल आहे, काठ निसरडा आहे, हे साधं सांगायचं मात्र राहूनच गेलं. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक एका खोक्यातून आली. मुंबईतल्या कुठल्याशा सोसायटीने शाळेला पुस्तकं दान केली होती. खोकं उघडलं तर निम्मी परीक्षेची गाइडं, रंगवून झालेली चित्रांची पुस्तकं, आणि तळाशी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक — स्कॉटलंडमधल्या अद्भुत प्राण्यांच्या गोष्टी, लहान मुलांसाठी, पानोपानी चित्रं. मी आधी वैतागले. आमच्या पोरांना मराठी गोष्टींची पुस्तकं पुरत नाहीत आणि हे कोण पाठवतं! पण चित्रं इतकी सुंदर की गुरुजीसुद्धा चष्मा लावून बघत बसले. अंगावरचं सील प्राण्याचं कातडं उतरवून किनाऱ्यावर नाचणाऱ्या बाया, वाटीभर दुधाच्या बदल्यात घरातली सगळी कामं करणारा केसाळ बुटका, आणि केल्पी.

केल्पी म्हणजे तळ्यात राहणारा काळा घोडा. अंग कायम ओलं, आयाळीतून पाणी ठिबकतं. त्याला जो लगाम घालेल त्याचं तो ऐकतो, दहा घोड्यांचं ओझं एकटा वाहतो. पण पुस्तकातला शेवट भयंकर आहे. मुलं कौतुकाने त्याच्या मानेवर हात ठेवतात, हात कातड्याला चिकटतो, काही केल्या सुटत नाही, आणि केल्पी मुलांना घेऊन पाण्यात शिरतो. हे पहिली-दुसरीच्या पोरांना काय सांगायचं? हात चिकटण्याचा सगळा भाग मी गाळला. माझ्या गोष्टीत लगाम घातला, घोडा कामाला लागला, संपलं. चित्रातही घोडा एकटाच तळ्याकाठी उभा होता, मूल-बीळ कुणी नाही.

आणि आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात ना, गोष्ट मुलांच्या परिसराशी जोडा... मी जोडली. तळ्याचा केला आपला डोह, ज्याच्याखाली घोडा धरतात त्या पाइनच्या झाडाचा केला आपला उंबर, लगामाचं केलं दावं, बैलाला बांधायचं. पोरं डोळे विस्फारून ऐकत होती. मला तर वाटलं, काय शिकवते मी!

चौथीतली सायली नंतर टेबलापाशी आली. तिने विचारलं, "बाई, दावं कंचं पण चालतं?"

मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हटलं, "चालतं गो, चालतं."

आठवडा गेला. ऑक्टोबर होता, कापणी जोरात. आमच्याकडे कापणी एकमेकांच्या शेतावर जाऊन करतात. आज तुमची माणसं माझ्याकडे, उद्या माझी तुमच्याकडे. सायलीचे वडील मुरबाडला कंपनीत, सुट्टी मिळत नव्हती. बैल आदल्या वर्षीच विकलेले. घरातून कुणाकडे माणूस गेलं नाही, म्हणून यांच्याकडेही कुणी आलं नाही. तिची आई सुगंधाताई एकटीच कापत होती आणि एकटीच डोक्यावरून भारे खळ्यावर नेत होती. आभाळ रोज संध्याकाळी भरून यायचं. हे सगळं मला माहीत होतं, पण दुसऱ्याच्या घरातलं जसं माहीत असतं तसं.

त्या दिवशी गुरुजी मीटिंगला सरळगावला गेले होते. खिचडी झाली, मधली सुट्टी संपली, मी पोरं मोजली तर अठरा. सायली नाही. "बाई, ती दावं घेऊन गेली," एक जण म्हणाली. "कुठे?" "डोहावर. घोडा पकडाया."

मी चपला शोधत होते तेवढ्यात मागून आवाज आला... आधी करकर, मग मोठ्ठा कडाड, आणि मग पाण्यात काहीतरी प्रचंड कोसळल्याचा. वारा नव्हता, पाऊस नव्हता, भर दुपारचं ऊन. मी खिचडीवाल्या ताईंना ओरडून सांगितलं, "पोरं सांभाळा!" आणि अनवाणी धावत सुटले. कापलेल्या भाताची बुडखं पायात घुसत होती. मी कुणाला तरी हाका मारत होते, कुणाला ते आठवत नाही. मी देव न मानणारी बाई, तेव्हा फक्त "नको, नको, नको" म्हणत होते.

शेवटच्या बांधावरून पाहिलं तर उंबर जागेवर नव्हता. काठच खचला होता आणि अख्खं झाड मुळांसकट डोहात आडवं पडलं होतं. पाणी अजून हलत होतं. आणि वाटेवर, झाडाच्या वीस-पंचवीस पावलं अलीकडे, सायली उभी होती. धडधाकट. उजवा हात पुढे धरून त्याच्याकडे बघत होती.

मी तिला आधी पोटाशी धरलं आणि मग एक धपाटा घातला. दोन्ही एकाच दमात. मग लक्षात आलं, तिचे कपडे कोरडे, पाय कोरडे, पण उजवा हात कोपरापर्यंत ओलाचिंब. तळव्याला चार-पाच लांब काळे केस चिकटलेले.

"कुठे गेली होतीस?"

"हितंच व्हते, बाई. तो आला ना. काळा. वाटंत आडवा उभा ऱ्हायला. मी म्हटलं, बाजूला हो रे, गोष्टीत दावं उंबराखालीच घालत्यात. तं हालंच ना. मंग मी त्याला ढकलाया त्याच्या मानंवर हात ठेवला..." ती थांबली. "तं हात चिकटला, बाई."

"चिकटला म्हणजे?"

"निघंच ना! फणसाचा चीक लागल्यावानी. मी लय ओढला, रडले पण. त्यो नुस्ता उभा. मंग झाड पडलं. मंग हात आपसूक सुटला."

मी तिथेच मातीत बसले.

तुम्ही म्हणाल, पोरीने कुठूनतरी ऐकलं असेल. मीही तेच लॉजिक लावलं. पण पुस्तक पूर्ण वेळ कपाटात होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. सायलीला तेव्हा एबीसीडी आणि स्वतःचं नाव, एवढंच इंग्रजी येत होतं. गुरुजींनी चित्रं पाहिलेली, ओळही वाचलेली नाही. हात चिकटतो हे त्या गावात एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्या माणसाने ते मुद्दाम लपवलं होतं.

घोड्याचं म्हणाल तर आमच्याकडे धनगर मेंढरं घेऊन येतात, त्यांच्याबरोबर तट्टं असतात. पण ते शेतं रिकामी झाल्यावर, दिवाळीनंतर. गुरुजींनी चार गावांत चौकशी केली. पहिला कळप तीन आठवड्यांनी उतरला, आणि त्यांची तट्टंही तांबडी. वाटेवर एका जागी माती मात्र ओली होती, कुणी बादली ओतल्यासारखी. आणि ते केस? मी शहाणी, पुरावा म्हणून रुमालात बांधायचं सुचलं नाही. हापशावर नेऊन आधी पोरीचा हात धुतला. दावंही सापडलं नाही. सायलीचं म्हणणं, "ऱ्हाऊ द्या बाई, त्यानं नेलं असंल."

सुगंधाताई शेतातून धावत आल्या, हातातला विळाही टाकायचं भान नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं. आसरा नसतात म्हणाले ते, गोष्ट डोहावर आणून ठेवली ते, मान वर न करता "चालतं" म्हणाले तेही. वाटलं, आता ही बाई मला उभी चिरेल. त्यांनी पोरीलाच विचारलं, "कशाला गेलतीस गो?"

"तुला भारे व्हायला घोडा पायजे ना," सायली म्हणाली.

सुगंधाताईंनी तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "आसरांनी राखली."

मी सवयीने म्हटलं, "ताई, ती तर म्हणते घोडा होता."

"आसरा असू दे, नाय तं घोडा असू दे. पोर माझी जित्ती हाय ना? मंग तुमी कशाला रडताय, बाई?"

मी रडत होते हे मला तेव्हा कळलं.

त्या रविवारी मी शेणव्याहून मुद्दाम गेले. गुरुजी आले, खिचडीवाल्या ताई आल्या, आम्हाला बघून गावातली आणखी आठ-दहा माणसं आली. सगळे भारे दुपारपर्यंत खळ्यावर. माझी मान चार दिवस वळत नव्हती, गुरुजी अजून चिडवतात. सोमवारी मोठी माणसं बरोबर घेऊन मी मुलांना डोहावर नेलं. सुरक्षित जागेवरून एका बापाने बांबू सोडला, त्याला दुसरा बांबू जोडला, तरी तळ लागला नाही. "यासाठी इथे यायचं नाही," मी म्हटलं. "आसरा नाहीत, घोडा नाही. पाणी खोल आहे, म्हणून." सगळ्यांनी माना डोलावल्या. सायलीनेही डोलावली, पण माझी समजूत काढल्यासारखी.

अजूनही मी भूतखेत मानत नाही. झाड पडलं, कारण पावसाळाभर पाण्याने काठ पोखरला होता, हे मला पटतं. पण गोष्टीतला जो भाग मी एका शब्दानेही सांगितला नव्हता, त्यानेच ती पोर जागेवर धरून ठेवली... याला काय म्हणायचं ते मला कळत नाही. पुस्तकात तो हात मुलांना पाण्यात नेण्यासाठी चिकटतो. इथे उलटं कसं झालं, तेही कळत नाही.

सायली आता दुसऱ्या गावच्या शाळेत सहावीला जाते. त्या वर्षी जूनपासून एप्रिलपर्यंत मी रोज सकाळी हजेरी घ्यायचे, तशी आजही घेते. फक्त तेव्हा ऑक्टोबरनंतर एक बदल झाला होता. तिचं नाव मी सर्वात शेवटी घ्यायचे. एकोणिसावं. "हजर, बाई!" असं ऐकू आलं की मग मी वही मिटायचे आणि शिकवायला लागायचे.