माझ्या व्याह्याची सॅक

सॅकची निवड सोयरिकीपेक्षा जोखमीची मानणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच निघाला, आणि तो नेमका माझाच व्याही. माझी पोर त्यानं आपल्या लेकासाठी एका कप चहात पसंत केली होती. पाठीवरच्या या पिशवीला मात्र तीन हिवाळे लागले. कचेरीतून रिटायर झाल्यावर त्याच्या डोक्यात थंडीतले गड शिरले. घरची गादी सोडून गारठ्यात दगडावर झोपायला जायचं! मी चाळीस वर्षं मेंढरांमागं तेच केलं, तर मला कुणी हौशी म्हटलं नाय. बरं, साधी सॅक त्याला चालेना. पाठीला आतून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावलेलीच पाहिजे. "म्हणजे ओझं खांद्यावर न येता कंबरेवर उतरतं, पाव्हणं!" हे त्यानं मला इतक्यांदा सांगितलं की माझेच खांदे दुखायला लागले. त्यासाठी पाठीचं माप लागतं म्हणं. विहीणबाई ब्लाउजचा टेप घेऊन त्याच्या मानेपासून कंबरेच्या हाडापर्यंत मोजायच्या. एक दिवस अर्धा इंच कमी भरला तर हा हाडाच्या डॉक्टरकडं नंबर लावून बसला. गुलमंडीत दुकानात जाताना दहा किलो ज्वारी न्यायचा, ती सॅकमध्ये घालायचा आणि गिऱ्हाइकांमधून येरझारा मारायचा. दुकानदारानं शेवटी हात जोडले, "चचा, ये बॅग की दुकान हय, आटाचक्की नय!" व्याही म्हणाला, "थांबा जरा, डावी कंबर अजून हो म्हणंना."

तिसऱ्या हिवाळ्यात कंबर हो म्हणाली आणि हिरवी सॅक घरात आली. वेळेवरच आली, कारण डॉक्टरनं गुडघे दाबून सांगितलं होतं, चढायचं ते याच थंडीत चढून घ्या, पुढच्या वर्षी जमायचं नाय. नाशिककडच्या एका उंच गडावर चार दिवस जाणाऱ्या मंडळींत त्यानं नाव घातलं. त्यांची अट एकच, आधी वेरूळमागचा डोंगर आपलं ओझं आपण घेऊन चढून दाखवायचा. मी गंमत बघायला सोबत गेलो. अर्ध्या चढावर व्याह्याचा भाता फुलला, तोंड लाल झालं, पण गडी थांबंना. आता मला सांगा, मुलाचा बाप ओझ्याखाली अन् मुलीचा बाप हात हलवत मागं, हे आमच्यात कुणी बघितलं तर काय म्हणंल? अट मला ठाऊक होती. पण अट त्यांची, रीत आमची. मी सॅकला हात घातला.

"नको, पाव्हणं, नको!"

व्याही तर जेवतानाही नकोच म्हणतो. आपण वाढायचं असतं. मी ओढूनच घेतली आणि डोंगराच्या माथ्यावर नेऊन टेकवली. खोटं कशाला बोलू, ओझं खरंच कंबरेवर उतरत होतं.

वर त्यांची पुढारीण उभी होती, माझ्या नातीएवढी. "सॉरी काका," ती व्याह्याला म्हणाली आणि कागदावरचं नाव खोडलं. तो दगडावर बसून बुटाची नाडी सोडत, बांधत राहिला. घरी माझ्या पोरीनं मात्र चहा ठेवता ठेवता सुनावलं, "अप्पा, ते तुम्हाला कधीच काही बोलणार नाहीत. व्याही पडले ना तुम्ही."

माफी मागायची मला सवय नाय, या वयात लागायचीही नाय. म्हणून रोज सकाळी हर्सूलच्या तलावावर जातो. तिथं व्याही सॅकमध्ये ज्वारी भरून बंधाऱ्यावरून चालतो, कुठल्या गडासाठी ते मी विचारत नाय. मी दोन पावलं मागं, मोकळा. परवा गावातल्या एकानं हटकलं, "काय हो, व्याह्याला हमाल केलंत व्हय?" मी म्हटलं, "त्याची हाये, त्याला नेऊ दे." चढ आला की व्याही थांबतो, गुडघ्यावर हात टेकून दम घेतो. माझा हात आपोआप त्याच्या पाठीकडं जातो. मी तो बंडीच्या खिशात कोंबतो आणि त्याचा दम पुरा होईपर्यंत पाण्याकडं बघत उभा राहतो.