इस्लापूरचा फाटा

माझा लेक पुण्याला नोकरीला आहे. दर साली रजा काढून मला कुठंतरी नेतो. मागच्या साली कोकणात नेलं. समुद्रासमोर खुर्ची मांडून दिली आणि म्हणाला, "आई, आता तू नुसता आराम कर." अरे बाबा, आराम करायला आपलं रेणापूर काय वाईट होतं? मला पलीकडच्या कोळ्यांच्या आळीत जायचं होतं. मासळी कशी वाळवतात, बाया काय बोलतात, बघायचं होतं. "तिथं वास येतो, आई," सून म्हणाली. झालं! खाऊन-झोपून परत आलो. सुट्टी दमलेल्या माणसासाठी असते. मला तर हिंडून दमायचं होतं.

तशी मी लई फिरलेली बाई नाही. नवऱ्याच्या राज्यात प्रवास म्हणजे वर्षातून एकदा माहूर, कुलदेवीला. नांदेड सोडलं की भोकर, हिमायतनगर, किनवट. जंगल लागलं की माझी मान जीपच्या बाहेर. हे ओरडायचे, "मुंडकं आत घे की!"

एका साली दर्शनाच्या रांगेत इस्लापूरकडची एक बाई भेटली. तिनं सहस्रकुंडाचं सांगितलं. "पैनगंगा खडकावरून अशी आपटती, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत न्हाई. इस्लापूरच्या फाट्यावरून जरा आत वळायचं, बस." ती नदी माझ्या डोक्यात शिरली ती शिरलीच. परतीला फाटा आला तशी म्हणलं, "अहो, जरा वळवा की."

"देवाहून निघालं की सरळ घरी जावं. मधी कुठं थांबू न्हाई."

आमच्याकडं रीतच आहे तशी. बरं, पुढच्या साली जाताना तरी न्या म्हणलं, तर आधी देव, मग बाकीचं. म्हणजे जाताना न्हाई अन् येतानाबी न्हाई! मी दर साली फाट्यावर तोंड फुगवून बसायची. हे हसायचे, "आली बघ तुझी सवत."

हे गेले. यंदा लेक स्वतःच्या गाडीनं माहूरला घेऊन गेला. दर्शन झालं, देवीचा तांबूल मिळाला. येताना इस्लापूरचा फाटा आला आणि त्यानं गाडी बाजूला घेतली. आमची भांडणं त्यानं लहानपणी मागं बसून ऐकलेली.

"आई, जायचं का सहस्रकुंडाला?"

औंदा पाऊस चांगला झालेला, नदी भरून चाललेली असणार. नको म्हणणारं आता होतं कोण? पण प्रसादाची पिशवी मांडीवर होती, आणि माझ्याच तोंडातून निघालं, "नगं बाबा. देवाहून आलोय. घरी चल."

"बरं," म्हणाला, आणि गाडी काढली.

भोकर येईपर्यंत मी खिडकीकडं तोंड करून बसले. रडू येत होतं, आणि राग कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. पोरगं गुणी आहे, एकदा सांगितलं की ऐकतं. आणखी एकदा विचारलं असतं, तर मी गेले असते.