देवीच्या नावानं उघडलेलं कुलूप

आमचं मालक, म्हंजे माझा नवरा, वाईट न्हाईत, पण त्यांच्या पोटात काय ऱ्हात न्हाय. हे आधीच सांगून ठेवतो, कारण म्होरलं सगळं रामायण ह्यातनंच घडलं.

नाव रुद्राप्पा. मूळचं नेसरीकडचं; तिकडं आम्ही बायका बी 'आलो, गेलो'च म्हणतो. लगीन झाल्यावर आम्ही कोल्हापुरात आलो, रिक्षा घेतली, आणि आता ते क्लासच्या पोरींची ने-आण करत्यात. राजारामपुरीत मैथिली मॅडमचा क्लास हाय, नववी-दहावीच्या पोरींचा. पोरींना घरातनं घ्यायचं, क्लासला सोडायचं, सुटंस्तवर खाली थांबायचं आणि परत एकेकीला दारात पोचवायचं. दारात म्हंजे दारात. पोरगी आत जाऊन कडी लागल्याचा आवाज आल्याबिगर ह्यांची रिक्षा हलायची न्हाय, मागनं गाडीवाल्यांनी हॉर्न मारूदेत न्हाईतर शिव्या देऊदेत. म्हणून तर आया डोळे झाकून पोरी ह्यांच्या रिक्षात बसवत हुत्या. आमची चूल त्या भरवशावर पेटायची.

पण क्लास सुटंस्तवर खाली बसून माणसानं करायचं काय? आमच्या मालकांना फुटबॉलचं येड. पेठेच्या टीमची मॅच मोबाईलवर बघायची म्हंजे नेट लागतंय, आणि ह्यांचं नेट दुपारलाच संपायचं. मोठा रिचार्ज मारा म्हटलं की म्हणायचं, गावात नेट काय कमी हाय व्हय?

तर ह्यांनी एक शोध लावलेला. कोल्हापुरात वायफायचा पासवर्ड काय असतोय? अंबाबाई न्हाईतर जोतिबा, आणि म्होरं एक दोन तीन. निम्मी कुलपं एवढ्यावर उघडत्यात, असं ह्यांचं म्हणणं. मॅडमच्या क्लासचं अंबाबाईवर उघडलं. मी म्हणालो, अवो, न इचारता दुसऱ्याचं घेणं बरं न्हवं. तर मलाच शाणपण शिकवलं. देवीचं नाव घेतलं आणि दार उघडलं, ह्यात चोरी कसली? हिरीतनं तांब्याभर पाणी घेतलं तर हीर आटती व्हय?  मला तरी त्यातलं काय कळतंय.

बरं, घेतलं ते घेतलं, गप वापरावं का न्हाय? न्हाय. चहाच्या गाड्यावर, रिक्षा थांब्यावर, भेटंल त्याला सांगायचं. पावणं, नेट पायजे व्हय? घ्या की, अंबाबाई घाला. जसं काय ह्यांच्या बापानंच कनेक्शन घेतलंय.

एका संध्याकाळी मी भाकरी थापत हुतो आणि नंदिनीताईंचा फोन आला. त्यांची अदिती ह्यांच्याच रिक्षात असायची. म्हणाल्या, काकांना पोलिसांनी नेलंय, तुम्ही जा. का नेलं इचारलं तर त्यांनी फोन ठेवला. नंतर अदितीकडनं कळलं, साध्या कपड्यातलं दोघं जण आलं, रिक्षाची किल्ली काढून घेतली, मोबाईल काढून घेतला. पोरी नुकत्याच जिना उतरून आलत्या. मालक म्हणालं, साहेब, ह्या पोरींना दारात सोडतो आणि माझ्या पायानं येतो. त्यांनी ऐकलं न्हाय. पोरी तितंच रस्त्याच्या कडंला दप्तरं धरून उभ्या ऱ्हायल्या.

मी तवा तसाच खाली उतरवला आणि पोलीस ठाण्यात गेलो. मालक बाकड्यावर बसलेलं, तोंड उतरलेलं. तिथल्या साहेबांनी मला सगळं सांगितलं. गेले कैक दिवस कोणतरी मैथिली मॅडमना घाण-घाण मेसेज करत हुतं. खोट्या नावाचं खातं. आज परत तीच साडी नेसलीस, आज केस मोकळे सोडलेस, असलं. मग धमक्या सुरू झाल्या. पोलिसांनी माग काढला तर मेसेज कुठल्या नेटवरनं निघालं? मॅडमच्याच क्लासच्या. वायफायच्या डब्याला जोडलेल्या फोनांची नावं दिसत्यात म्हणं. बाकीची नुसती कंपन्यांची नावं, आणि मधी एक चक्क 'रिक्षाकाका'. पोरींनीच हौसेनं ह्यांच्या फोनला घातलेलं ते नाव.

"पासवर्ड कुणी दिला तुला?" साहेबांनी इचारलं.

"कुणी न्हाय साहेब. देवीचं नाव घालून बघितलं, उघडलं."

 हा खुळा माणूस खरं बोलून सुटायला बघत हुता, आणि खरं बोलूनच अडकत हुता. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे परवानगी नव्हती. अंदाजानं कुलूप उघडलंस आणि आत शिरलास. गुन्हा तिथंच झाला. आत जाऊन मॅच बघितलीस का आणखी काय केलंस, ते नंतरचं."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना आत्ता कुठं कळत हुतं. फोन तपासाला ठेवून घेतला, रोज हजेरीला यायचं, गाव सोडायचं न्हाय, असं सांगून आम्हाला घरी धाडलं.

दुसऱ्या दिवसापासनं रिक्षा दारात. आयांनी एक ग्रुप केलेला, त्यात मी बी हाय. एकेकीचा मेसेज याय लागला, उद्यापासून आम्हीच सोडू. कारण कुणी लिहिलं न्हाय. नंदिनीताई तेवढ्या घरी आल्या. मी चहा ठेवला. म्हणाल्या, "माझा विश्वास आहे हो, पण पोरीची जात. चौकशी होऊ दे." चहा तसाच सोडून गेल्या. मालक आतल्या खोलीत हुतं, त्यांनी सगळं ऐकलं. मग भाईर येऊन त्यांनी बादली भरली आणि रिक्षा धुवाय लागलं. रोज धुवायचं. कुठं जायाचं न्हाय, यायचं न्हाय, तरी रोज धुवायचं.

मला राग बी यायचा आणि रडू बी. गुन्हा नोंदला तर रिक्षा चालवायचा बॅज, म्हंजे परवानाच जाईल, ते एक. पण बॅज ऱ्हायला तरी उपेग काय? असल्या घाणीत नाव आलेल्या माणसाच्या रिक्षात कोण आई पोरगी बसवंल? त्यांच्या जागी मी असतो तर मी बी बसवली नसती. हे मी त्यांना तोंडावर बोललो. ते म्हणालं, व्हय, मी बी न्हाय बसवली असती.

शेवटाला माझंच डोकं फिरलं. मॅडमना जाऊन भेटायचं ठरवलं. मालक नको म्हणालं, मॅडम भितील. मी त्यांना न सांगता गेलो. दुपारची येळ, क्लास बंद. जिना चढलो, बेल दाबली. मॅडमनी आतलं दार उघडलं, पण जाळीच्या दाराची कडी काढली न्हाय. माझ्या धाकट्या बहिणीएवढी पोर ती, डोळं खोल गेलेलं. आत खिडक्या बंद, पडदं ओढलेलं, भर दुपारी ट्यूब लावलेली.

मी कोण ते सांगितलं तशी ती मागं सरली. मी जाळीला धरून बोलत ऱ्हायलो. म्हणालो, मॅडम, माझा नवरा फुकट्या हाय, तोंडाचा फाटका हाय, पण असला न्हाय. तिनं मान खाली घातली. म्हणाली, सगळ्यांच्या बायका असंच म्हणतात. मला झोंबलं, पण तिचं तरी काय चुकत हुतं?

तेवढ्यात तिच्या हातातला मोबाईल वाजला. तिनं वाचलं आणि पांढरीफटक पडली.  मग जाळीतनं मोबाईल माझ्याकडं फिरवला. लिहिलं हुतं, "आज खिडकी का लावलीस? दारात कोण आलंय?"

खोटं कशाला बोलू, माझ्या जिवात जीव आला. मालक घरात, रिक्षा दारात, फोन पोलिसांच्या कपाटात. मी म्हणालो, बघा मॅडम, म्हंजे आमचं न्हाईत. मला हसू फुटाय लागलेलं. आणि तिच्याकडं बघितलं तर ती लटलट कापत हुती.

"मग तो इथंच आहे, ताई," ती म्हणाली. "तो आत्ता आपल्याला बघतोय."

तिनं कडी काढली, माझा हात धरून मला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. माझं हसू तितंच जिरलं. जिना उघडा, समोर अरुंद बोळ, बोळापल्याड दुसरी इमारत. आम्ही दोघी भिंतीला पाठ लावून खाली बसलो. तिनं पोलिसांना फोन लावला, पण जीभ वळंना, म्हणून मीच घेतला आणि बोललो. पासवर्ड पोलिसांनीच तिला बदलू दिला नव्हता, परत मेसेज आला तर माग काढता येईल म्हणून. त्यांनी सांगितलं, दार उघडू नका, आम्ही येतोय. जिन्यात कुणाची तरी चप्पल वाजली तशी तिनं माझ्या हातात नखं रोवली. चप्पल वरच्या मजल्यावर गेली. पोलीस येईस्तवर तिनं हात सोडला न्हाय, आणि मी बी सोडवून घेतला न्हाय.

पोलिसांनी वायफायचा डबा तपासला, तर त्या घटकेला क्लासच्या नेटवर एकच परका फोन हुता. समोरच्या माडीवर भाड्यानं ऱ्हाणारा सौमित्र. चांगला इस्त्रीच्या कापडातला, हापिसात जाणारा, रस्त्यात दिसला की मॅडमना नमस्कार करणारा. त्याची खिडकी आणि मॅडमची खिडकी समोरासमोर. संध्याकाळच्या आत त्याला उचलला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हाला बोलावलं. मॅडम बी आलत्या. साहेब म्हणालं, मेसेजच्या प्रकरणातनं तुझं नाव गेलं. मी मनातल्या मनात अंबाबाईला हात जोडलं. पण साहेबांचं संपलं नव्हतं.

"त्यानं स्वतःचं नेट का वापरलं नाही, माहिती आहे? म्हणाला, खाली रिक्षावाला रोज क्लासचं वापरतोच, आळ त्याच्यावर येईल. आणि पासवर्ड कुठनं मिळाला विचारलं, तर म्हणाला, रिक्षावाल्यानंच सांगितला."

 मालकांना आठवलं. चहाच्या गाड्यावर नेट संपलं म्हणून कुरकुर करणारा पावणा. ह्यांनी सोता त्याच्या फोनात पासवर्ड घालून दिलता. वर त्याच्या चहाचं पैसं बी दिलतं.

साहेब मॅडमना म्हणालं, न इचारता वापरल्याची तक्रार ह्याच्यावर द्यायची का, ते तुम्ही ठरवा. तक्रार झाली की बॅज गेला, पोरी गेल्या.  मॅडम मालकांकडं वळल्या.

"काका, असं किती जणांना सांगितलंत?"

मी मनात घोकत हुतो, एकालाच म्हणा, एकालाच म्हणा.

"मोजलं न्हाय मॅडम," मालक म्हणालं. "जो मागंल त्याला सांगितलं."

मॅडमच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणाल्या, "तक्रार देत नाही. पण तुमचं काही चुकलं नाही, असं मी म्हणणार नाही. पोलिसांनी तुमचं नाव सांगितल्यापासून डोळे मिटले की तुमची रिक्षाच दिसते मला. ती परत माझ्या खिडकीखाली नको." मालकांनी हात जोडलं. तोंडातनं शब्द आला न्हाय त्यांच्या, आयुष्यात पहिल्यांदाच.

नंदिनीताईंनी अदितीला परत धाडली. तिचं बघून बाकीच्या बी आल्या, पण दोघी आल्या न्हाईत त्या न्हाईतच. मी ह्यांच्या फोनला मोठा रिचार्ज मारला, मॅच बघा म्हणालो. बघत न्हाईत. पोरींना मात्र अजून दारातच सोडत्यात, कडी वाजल्याबिगर हलत न्हाईत.

रिक्षा आता लांब कोपऱ्यावर, औषधाच्या दुकानाम्होरं लागती. क्लास सुटला की मॅडम सोता पोरींना तितंवर घेऊन येत्यात. मालकांकडं बघत न्हाईत. पोरी मोजून आत बसवत्यात, आणि रिक्षा वळणावर दिसंनाशी हुईस्तवर तितंच उभ्या ऱ्हात्यात.

मी एकदा चिडून म्हणालो, एवढं झाल्यावर आता मॅडमची कशाला ही पाळत? मालक म्हणालं, "राहूदे. त्या कडी लागायची वाट बघत्यात."