साखरपुड्याचं काजळ

नातीचा साखरपुडा अकोल्यात ठरला आणि आमच्या अमरावतीच्या घरात काजळावरून कटकट सुरू झाली. मुलाकडच्यांची रीत अशी की साखरपुड्यात सासूनं होणाऱ्या सुनेच्या डोळ्यांत काजळ घालायचं, मग अंगठी. आणि आमच्या पोरीचे डोळे लहानपणापासून नाजूक. काजळ लागलं की चोळत बसते. नाही म्हणावं तर त्यांचा अपमान, हो म्हणावं तर हिचे डोळे.

नातीनं ठरवलं, आतापासून नैसर्गिक काजळ लावून डोळ्यांना सवय करायची. डोळ्यांना सवय करायला ते काय नवे जोडे आहेत? पण माझं कोण ऐकतं. मायलेकी बाजारातून चार डब्या घेऊन आल्या. डबीवर तुळशीचं पान छापलं की ते काजळ नैसर्गिक झालं. त्यात काय घातलंय ते मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत. मी चौथी शिकलेली, पण वस्तू कधी बनली आणि कधीपर्यंत चालते एवढं तरी विचारते. सून नुसता वास घेते आणि छान आहे म्हणते.

एकही डबी मानवली नाही. मग मोबाइलमध्ये बघून घरीच काजळ पाडायचं ठरलं. मी नातीला म्हटलं, काजळी म्हणजे शेवटी धूरच, तुपात कालवला म्हणून तो काही औषध होत नाही. तिला ते पटलं नाही. मी भाजी आणायला गेले तेवढ्यात हिनं काजळ पाडलंसुद्धा. घरात एरंडेल नव्हतं, म्हणून देवघरातली बाटली घेतली. त्या बाटलीवर ठळक लिहिलंय, फक्त दिव्यासाठी. वासाचं तेल ते. भीमसेनी कापूर नव्हता, तर आरतीच्या वड्या कुटून घातल्या.

मी विचारलं, "हे डोळ्यात घालाचं तेल हाये काय?"

"देवाले चालते ना आजी? मंग शुद्धच असन."

एम.एस्सी. झालेली पोर. मी कपाळाला हात लावला.

तरी रात्री तिनं ते घातलंच. सकाळी डोळे सुजून लाल. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि आधी सुनेलाच झापलं. सूज पूर्ण उतरेपर्यंत डोळ्याला काही लावायचं नाही, घरचं तर कधीच नाही. पुढे हौस असली तर बंद पाकिटातलं, फक्त स्वतःचं, पापणीच्या बाहेरून लावायचं आणि झोपायच्या आधी पुसायचं. एवढं ऐकून सूनबाई विचारते, साखरपुड्यापुरतं थोडंसं चालेल काय? बाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

साखरपुड्याच्या दिवशी अकोल्याच्या जठारपेठेतल्या हॉलमध्ये पोर चष्मा लावून पाटावर बसली. मुलाची आई चांदीची डबी घेऊन आली. सुनेनं मला डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा. पोरीनं चष्मा काढला आणि मान वर केली. ती घालूनच घेणार होती.

मी म्हटलं, "बाई, तिच्या डोळ्यात घालू नका. डॉक्टरनं मना केलं हाये."

मुलाची आत्या बाजूलाच उभी होती. "काहून? आमच्या घरच्या साऱ्या सुनांनी याच डबीतलं घातलं."

"म्हणूनच नको. साऱ्यांच्या डोळ्यातून फिरून आलेली डबी हाये ते."

सुनेनं पदरात तोंड लपवलं. मुलाच्या आईनं बोटावरचं काजळ पोरीच्या कानामागं लावलं आणि डबी मिटली. खाली वाकून पोरीला हळूच म्हणाली, "मलेबी लई झोंबलं होतं. तवा माह्या बाजूनं कोणी बोललं नाही."

अंगठी झाली, जेवणं झाली. आत्या मात्र रुसली ती रुसलीच, निघताना माझ्या पाया पडायलाही आली नाही. न पडू दे.

परतताना मूर्तिजापूर येईपर्यंत सून माझ्याशी बोलली नाही. पोर मागच्या सीटवर डोळ्यांत डॉक्टरीणबाईंनी दिलेले थेंब घालून पडली होती. मूर्तिजापूरला चहा प्यायल्यावर सुनेनं तोंड उघडलं. विचारते काय, तर लग्नात कोणतं काजळ घ्यायचं.

मी गाडीची काच खाली केली आणि बाहेर बघत बसले.