दोन अंगठे, दोन औषधं

“यव्वाऽऽ! सत्तेऽऽ! मेलो, मेलो!”

असा मी कानडीत आणि मराठीत आळीपाळीने मरत होतो आणि डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणत होते, “उगीच ओरडू नका, अण्णा. अंगठा बधिर झालाय. तुम्हीच सांगितलंत.”

सांगितलं होतं खरं. माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं मांसात रुतली होती, म्हणून मी जुन्या हुबळीतल्या त्या दवाखान्यात गेलो होतो. लग्न पंधरा दिवसांवर, आणि माझी चाल तापल्या फरशीवरच्या कोंबड्यासारखी. धारवाडला बातमी पोचली : नवरा मुलगा लंगडा! होणारे सासरे पडले वकील, ऐकीव पुरावा त्यांना चालेना. पहिल्या गाडीने आले आणि टेबलाशी खुर्ची ओढून बसले. “पायात खोट निघाली तर लग्न मोडलं,” हे बसता बसताच सांगून टाकलं.

डॉक्टरांची हौस निराळी. जागा बधिर करायला त्यांच्या कपाटात जुनं कोकेन होतंच, मुंबईहून नवं नोव्होकेनही आलं होतं. “उजव्याला जुनं, डाव्याला नवं. कुठलं आधी चढतं बघू!” म्हणत त्यांनी दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी सुया घातल्या. आता दर मिनिटाला टाचणी टोचून विचारायचं, “दुखतं?”

पहिल्याच मिनिटाला डाव्या अंगठ्यात टाचणी शिरली आणि मला भर दुपारी सप्तर्षी दिसले. पण समोर सासरे! “छे, कुठं काय?” मी म्हणालो.

“वा! एका मिनिटात!” डॉक्टर हरखले आणि थेट कात्रीच चालवली.

त्या किंकाळीने बाहेरचे टांग्याचे घोडे उधळले, ते म्हणे गदगला सापडले.

उजव्याची पाळी येईतो दहा मिनिटं गेली. तो अंगठा एव्हाना पार दगड झालेला. नख निघाल्याचं मला कळलंसुद्धा नाही. पण कात्री दिसली मात्र, मी पहिल्याहून वरच्या पट्टीत बोंबललो. डॉक्टरांनी वहीत खिन्नपणे लिहिलं : दोन्ही औषधं कुचकामी.

सासऱ्यांनी वाकून दोन्ही पाय तपासले, कापलेली नखंसुद्धा उजेडात धरून पाहिली. “खोट नाही. मुहूर्त कायम.”

मी हात जोडले. “मामा, तेवढं ओरडल्याचं मुलीला सांगू नका.”

“मी कशाला सांगू? ती धारवाडात असते, बहिरी नाही.”